बोल्ट वाकवायचाय? मग प्रेसचं टनेज जरा बाजूला ठेवा

कुणी नवीन माणूस बोल्ट बेंडिंगचं काम सुरू करायचं म्हणतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, किती टनाचा प्रेस (दाबायचं मशीन) घेऊ. दुसरा प्रश्न, सेकंडहँड चालेल का. आणि डायचं, म्हणजे ज्या साच्यावर रॉड वाकतो त्याचं, काय म्हणून आपण विचारलं की उत्तर येतं "डाय काय हो, टर्नरकडनं करून घेऊ की". माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. आधी जॉब बघा, मग रॉड कशाचा आहे ते बघा, त्यावरून बेंडचा आतला रेडियस ठरवा, रेडियसवरून डाय ठरवा आणि हे सगळं झालं की टन किती लागतात ते आपोआप कागदावर येतं, आणि बहुतेक वेळा ते वाटलं होतं त्यापेक्षा कमीच निघतं.

इथं कोल्हापुरात उद्यमनगरात आणि शिरोलीत हे काम बरंच चालतं. फाउंडेशनचे एल बोल्ट आणि जे बोल्ट, पाइपलाइनचे यू बोल्ट, आणि उसाचा सीझन जवळ आला की ट्रॉलीच्या पाट्याचे (लीफ स्प्रिंगचे) यू बोल्ट. दिसायला सगळे सारखेच, लोखंडी सळी वाकवलेली आणि टोकाला आटे. पण फाउंडेशन बोल्ट साध्या एमएसचा (माइल्ड स्टीलचा) असतो आणि पाट्याचा यू बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचा, आणि एकाची डाय दुसऱ्याला लावली की एकतर माप येत नाही नाहीतर बोल्टच्या पाठीवर चीर जाते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो, तयार हेक्स बोल्ट बाजारातून आणून वाकवायचा असेल तर शक्यतो करू नका. डोक्यावर ८.८ लिहिलेला बोल्ट म्हणजे हार्डनिंग टेंपरिंग होऊन, म्हणजे तापवून-विझवून कडक होऊन आलेला माल. त्यातला पहिला ८ म्हणजे ८०० एमपीए टेन्साइल (तुटायची ताकद) आणि पुढचा ८ म्हणजे त्याच्या ८० टक्के यील्ड (कायमचं वाकायला सुरुवात होते तो ताण), म्हणजे ६४० च्या आसपास. ४.६ चा बोल्ट असेल तर ४०० टेन्साइल, २४० यील्ड. ताकद दिसते म्हणून सगळे ८.८ मागतात पण वाकवणाऱ्याला ताकद नाही, लांबणं बघायचं असतं. ४.६ ला किमान २२ टक्के इलाँगेशन, म्हणजे तुटण्याआधीचं लांबणं, मिळतं, ८.८ ला १२ आणि १०.९ ला फक्त ९. आपल्या कामाची खरी किल्ली हा आकडा आहे आणि तो बोल्टच्या डोक्यावर कुठंच लिहिलेला नसतो.

आता हा आकडा वापरायचा कसा. रॉड वाकला की आतली बाजू दबते आणि बाहेरची ताणली जाते, मध्ये कुठंतरी एक रेषा असते तिला काही होत नाही. बाहेरची कातडी किती ताणली जाते ते काढायला इंजिनिअर लागत नाही, रॉडचा डाया (व्यास) घ्या आणि त्याला आतल्या रेडियसची दुप्पट अधिक डाया याने भागा, झालं. २० चा रॉड आणि आतला रेडियस पण २० ठेवला तर २० भागिले ६० म्हणजे ३३ टक्के. रेडियस दीडपट, म्हणजे ३० केला तर २५ टक्के. दुप्पट केला तर २०, तिप्पट केला तर १४ च्या थोडं वर, चौपट केला तर ११. आयएस २०६२ च्या ई २५० मालाला, म्हणजे आपल्या साध्या एमएसला, किमान २३ टक्के इलाँगेशन लागतं. म्हणजे दीडपट रेडियसला आपण काठावर आलो. लगेच फुटतो असं नाही, कारण टेन्साइल टेस्टमधला आकडा सगळ्या गेज लेंग्थचा सरासरी असतो आणि बेंडमध्ये एका जागेवर त्याहून जास्त सहन होतं, पण एखाद्या हीटचा (भट्टीच्या एका घाण्याचा) माल थोडा कडक आला, रॉडवर रोलिंगची रेघ असली, नाहीतर कटिंगवाल्यानं ग्राइंडर घासून ओरखडा ठेवला, की तिथूनच सुरुवात होते. म्हणून एमएसला मी दुप्पट रेडियस धरून चालतो, ड्रॉइंगमध्ये दीडपट सक्तीचा असेल तर आधी दोन-चार पीस मारून बघतो. ८.८ च्या मालाला थंड वाकवायचं असेल तर चौपटीच्या खाली उतरायचं नाही, आणि ड्रॉइंग त्याहून बारीक रेडियस मागत असेल तर ड्रॉइंगवाल्याला फोन लावायचा.

शून्य रेडियस मागणारी ड्रॉइंगं येतात बरं का, म्हणजे एल बोल्ट अगदी काटकोनात, आत कोपरा टोकदार. ते कुणीतरी कॅडमध्ये दोन रेघा जोडून फिलेट मारायचं विसरलेलं असतं. विचारलं की "तुमच्याकडे येतो तसा द्या" म्हणतात.

मटेरियलबद्दल अजून एक. ब्राइट बार आणि ब्लॅक बार (गरम लाटलेला काळा रॉड) यातला फरक बेंडिंगवाल्याला कळलाच पाहिजे. ब्राइट बार दिसायला सुंदर, साइज पक्का, आट्यांना मस्त, पण तो थंडा ओढलेला असतो, म्हणजे त्याचं निम्मं लांबणं ड्रॉइंग डायमध्येच खर्च झालेलं. तोच ग्रेड, तोच रेडियस, ब्लॅक बार गप वाकतो आणि ब्राइट बार पाठीवर टिचतो. मग लोक डायला शिव्या घालतात. ब्राइटच पाहिजे असेल तर रेडियस वाढवा नाहीतर अनील (तापवून मऊ) करून घ्या. आणि टीएमटी सळीला आटे पाडून फाउंडेशन बोल्ट करणारे पण आहेत, त्यांना हात जोडून सांगतो, टीएमटीची ताकद तिच्या बाहेरच्या कडक कड्यात असते, आटे पाडताना तेच कडं तुम्ही लेथवर भंगारात काढता.

आता डायकडे येऊ. साधारण तीन पद्धतीनं बोल्ट वाकतो. एक, मधली पिन स्थिर आणि बाहेरून रोलर फिरतो, सेंटरिंगवाल्यांच्या सळी वाकवायच्या मशीनसारखं. दोन, खाली दोन रोलर किंवा व्ही ब्लॉक आणि वरून पंच (डायचा दाबणारा भाग), एल साठी. तीन, खाली दोन रोलर आणि त्यांच्या मधून पंच आरपार खाली जातो, यू साठी. फिरत्या रोलरच्या पद्धतीत पिन बदलली की रेडियस बदलतो, म्हणून किरकोळ आणि रोज वेगळं काम असणाऱ्याला ती बरी. एकाच साइजचे हजारभर यू बोल्ट असतील तर तिसरी. माझ्याकडं बरंचसं काम तिसऱ्या पद्धतीचं होतं म्हणून तिच्यावरच जरा सविस्तर लिहितो.

समजा १०० एनबी (पाइपची नावापुरती साइज) पाइपचा यू बोल्ट आहे, एम १६, म्हणजे १६ मिमी आट्यांचा. पाइपचा ओडी (बाहेरचा व्यास) ११४.३, गिऱ्हाइकाला आतला गॅप ११८ पाहिजे. नवखा माणूस ११८ चा पंच करायला देतो. पंच ११८ चा केला की यू बोल्ट ११८ चा कधीच येणार नाही, कारण पंच वर उचलला की यू उघडतो. किती उघडतो हे मटेरियल आणि रेडियस दोन्हीवर आहे. एमएसच्या १६ रॉडला एवढ्या रेडियसवर साधारण तीन-चार अंश, आणि ८.८ सारखा कडक माल असेल तर आठ-नऊ अंश धरा. म्हणून एमएससाठी पंच ११५ चा करायचा, तीनेक मिमी कमी. इथं एक गंमत आहे जी बऱ्याच जणांना पटत नाही, रेडियस जितका मोठा तितका स्प्रिंगबॅक, म्हणजे हे परत उघडणं, जास्त. एल बोल्टचा बारीक बेंड एखाद-दुसरा अंश परत येतो आणि मोठा यू बोल्ट चांगला पसरतो. लोकांना वाटतं मोठा रेडियस म्हणजे सोपं काम. वाकायला सोपं, मापात आणायला नाही.

रोलरमधला गॅप म्हणजे पंच अधिक दोन रॉड अधिक मिलिमीटरभर मोकळीक. ११५ अधिक ३२ अधिक १, म्हणजे १४८. पण थांबा, रॉड खरंच १६ चा आहे का? आटे लेथवर कापलेले असतील तर रॉड पूर्ण १६ चा असतो. आटे रोलिंगचे असतील तर रोलिंगमध्ये माल बाहेर फुगतो म्हणून रॉड आधीच बारीक घेतात, एम १६ ला साधारण १४.७, एम २० ला १८.४ च्या आसपास. बरेच यू बोल्टवाले अख्खा रॉडच त्या मापाचा घेतात, आट्यावर १६ आणि अंगावर १४.७. मग रोलरचा गॅप १४५.४ पाहिजे. १४८ च्या गॅपमध्ये १४.७ चा रॉड टाकला तर पाय समांतर येतच नाहीत, खाली फाकलेले राहतात, आणि माणूस स्प्रिंगबॅक स्प्रिंगबॅक म्हणून पंच घासत बसतो. व्हर्निअर लावून रॉड मोजायला दहा सेकंद लागतात. कटिंग लेंग्थ पण बदलते, १६ च्या रॉडला सेंटर लाइनचा व्यास १३४, त्याचा अर्धा घेर २१० च्या वर, आणि १४.७ ला २०८. पाय सेंटरपासून ९० घेतले तर एकूण ३९० विरुद्ध ३८८. दोन मिमीनं बोल्ट फेकला जात नाही, पण एक पाय मोठा आणि एक लहान दिसायला लागला की गिऱ्हाईक तेवढंच बघतो.

रोलर एका बाजूनं सरकवता येतील असा बेड करा, खाली प्लेटला लांबट स्लॉट आणि बाजूला जॅक बोल्ट. एवढी एकच सोय केली की एका डाय सेटवर कापीव आट्यांचे आणि रोलिंग आट्यांचे दोन्ही बोल्ट निघतात. पक्का वेल्ड मारलेला बेड करणारे नंतर गॅस कटर घेऊन बसलेले मी बघितलेत.

खोबणीचा विषय मोठा आहे. पंचावर अर्धगोल खोबण पाहिजेच, सपाट पंच असला की रॉड आतून चपटा होतो आणि रॉड बाजूला सरकून यू पिळतो, टेबलावर ठेवला की एक पाय हवेत. खोबणीचा रेडियस रॉडच्या रेडियसपेक्षा किंचित मोठा, ब्राइट बार असेल तर डायात पाव मिमी पुरतं, ब्लॅक बारचा साइज वरखाली असतो म्हणून तिथं अर्धा-पाऊण मिमी द्यावं लागतं. खोली अर्ध्या रॉडपेक्षा थोडी कमी. पूर्ण अर्धी किंवा जास्त केली तर रॉड खोबणीत अडकतो आणि प्रत्येक पीस हातोड्यानं काढावा लागतो. खोबणीच्या दोन्ही काठांची धार मोडा, नाहीतर रॉडवर दोन बारीक रेघा उमटतात आणि ताणलेल्या पाठीजवळ त्या रेघा म्हणजे चिरेला आमंत्रण. रोलरला पण खोबण द्या आणि रोलर खरंच फिरतो का ते बघा. ग्रीस सुकून जाम झालेला रोलर म्हणजे रोलर नाही, ती फक्त गोल रॉड खरवडायची पट्टी. आमच्याकडे एक जुने फिटर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, ते नव्या पोराला पंच दाखवत नाहीत, आधी रोलरच्या पृष्ठभागावर खडूची एक उभी रेघ मारतात आणि सांगतात पीस मार, रेघ कुठं गेली बघ. रेघ जागेवरच असेल तर काम बंद आणि रोलर खोल.

आता पंच खाली जातो तेव्हा पाय रोलरला घासत घासत आत येतात. पाय लांब असले तर ठीक, पण आखूड पाय आणि लांब आटे असले की शेवटी रोलर आट्यावर येतो आणि आट्याची टोकं बसतात. बाहेरून काही दिसत नाही, नट चढवायला गेलं की दोन आटे फिरून अडकतो. उपाय सोपा आहे, प्रेसला स्टॉप लावा, पंच रोलरच्या सेंटरखाली गरजेपुरताच जाऊ द्या. पाय समांतर झाल्यावर आणखी खाली ढकलून काही मिळत नाही. तेवढ्यानं भागत नसेल तर त्या रोलरला नायलॉनची कडी. आणि बेंड आट्यावर आणायचाच नाही, आट्याचा तळ म्हणजे आधीच खाच पाडलेली, तिथून वाकवलं की ती उघडणारच. आटा संपतो तिथून बेंड सुरू होईपर्यंत किमान रॉडच्या डायाएवढी सरळ जागा मी मागतोच, जास्त मिळाली तर बरं.

डाय कशाची करायची हा प्रश्न पण जॉब किती आहेत यावरच सुटतो. शंभर-दोनशे पीस असतील तर एमएसची डाय चालते, उगाच पैसे घालू नका, खोबण थोडी बसेल, काम संपलं की ती डाय दुसऱ्या मोठ्या साइजला खोदता येते. रोजचं काम असेल तर पंच ईएन ८ (मध्यम कार्बनचं स्टील) चा, टफन करून. हजारोंनी काढायचे असतील तर ओएचएनएस नाहीतर एचसीएचसीआर ही डायची स्टील, हार्डनिंग करून ५८ च्या आसपास रॉकवेल (कडकपणाचं माप). रोलरला ईएन ३१ मला आवडतो, बेअरिंगचंच मटेरियल आहे, कडक होतो आणि घासत नाही. ओएचएनएस मशिनिंगला सोपं आणि आकारमान बऱ्यापैकी सांभाळतं, एचसीएचसीआरमध्ये १२ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं त्यामुळं झीज फार कमी पण मार सहन करायला ओएचएनएसपेक्षा हळवं, धक्का बसणाऱ्या फ्लाय प्रेसवर बारीक कोपऱ्याचा पंच त्याचा करू नका. काहीही करा पण हीट ट्रीटमेंटला पाठवायच्या आधी आतले टोकदार कोपरे मोडा, कीवेचा कोपरा, बोल्टच्या काउंटरबोअरचा तळ, सगळीकडे छोटा रेडियस द्या. टोकदार कोपऱ्यातून डाय भट्टीतून तडकूनच येते आणि मग हीट ट्रीटमेंटवाला आणि टर्नर एकमेकांकडं बोट दाखवतात. ग्राइंडिंगला माल ठेवायचा विसरू नका, हार्ड झाल्यावर थोडी वाकडीतिकडी होतेच.

स्टेनलेसचे यू बोल्ट करणार असाल तर ही सगळी यादी बाजूला ठेवा. ३०४ चा रॉड स्टीलच्या डायवर घासला की चिकटतो, डायवर गुठळ्या बसतात आणि पुढच्या पिसावर ओरखडे. तो वाकवताना कडक पण होत जातो म्हणून परत पण जास्त येतो. त्याला ॲल्युमिनियम ब्राँझचा पंच आणि रोलर करा, आणि साध्या लोखंडाचे बोल्ट त्याच डायवर मारू नका, लोखंडाचा कण स्टेनलेसवर बसला की महिनाभरात तांबूस ठिपके येतात आणि गिऱ्हाईक म्हणतो तुम्ही ३०४ सांगून हलकं २०२ दिलं.

आता टन. गोल रॉड पूर्ण वाकवायला लागणारा मोमेंट (जोर गुणिले अंतर) म्हणजे डायाचा घन भागिले ६ गुणिले मटेरियलची ताकद. एमएसला वाकताना कडक होतो म्हणून मी यील्ड न धरता ४५० एमपीए धरतो. २० चा रॉड, ८००० भागिले ६, गुणिले ४५०, आले सहा लाख न्यूटन मिमी. दोन रोलरच्या सेंटरमधलं अंतर १२० असेल तर जोर म्हणजे मोमेंटची चौपट भागिले अंतर, २०००० न्यूटन, म्हणजे दोन टन. फक्त दोन टन! २५ च्या रॉडला चारच्या आसपास. १० च्या सळीला पाव टन. डायाचा घन असल्यामुळं साइज दुप्पट झाली की जोर आठपट, हे डोक्यात ठेवा. ८.८ च्या मालाला साधारण दुप्पट. रोलर जवळ आणले तर जोर वाढतो, अंतर निम्मं केलं तर दुप्पट. शिवाय घर्षण असतं, कोन वाढत गेला की जोर बदलत जातो, म्हणून आलेल्या आकड्याची दुप्पट धरून प्रेस बघा. एवढं करून पण २० पर्यंतच्या एमएस बोल्टला ५ टनाचा आणि २५ पर्यंत १० टनाचा हायड्रॉलिक प्रेस पुरतो. मला ५० टनाचा पॉवर प्रेस गळ्यात मारायला आलेला एकजण होता, बोल्ट वाकवायला म्हणून. फ्रेम भारी होती, पण एवढ्या टनांचं मी काय करणार होतो.

पॉवर प्रेसबद्दल मत विचाराल तर बेंडिंगला मी तो घेत नाही. साध्या, जुन्या पद्धतीच्या प्रेसला एकदा क्लच पडला की स्ट्रोक पुरा होणारच, मधे थांबवता येत नाही, आणि लांब रॉडचं मोकळं टोक फटकन वर उडतं. हायड्रॉलिक सावकाश येतो, मधे हात काढला की थांबतो, कोन बघत बघत वाकवता येतं. वेळ जास्त लागतो हे मान्य. पण हायड्रॉलिकवर पण रॉडच्या टोकाच्या रेषेत उभं राहायचं नाही आणि रॉड हातानं धरून ठेवायचा नाही, त्यासाठी मागं एक स्टॉपर आणि व्ही सपोर्ट करा, दोन्ही हातांनी दाबायची बटणं लावा. फ्लाय प्रेस छोट्या साइजला, १०-१२ पर्यंत, अजून पण मस्त चालतो आणि लाइट गेली तरी काम थांबत नाही.

काहीजण हाताचा हायड्रॉलिक पाइप बेंडर घेऊन त्यावरच बोल्ट मारतात. वाईट आयडिया नाही, फक्त त्याचे फॉर्मर (वाकवायचे साचे) पाइपच्या एनबीचे असतात. अर्धा इंची फॉर्मरची खोबण २१.३ ओडीच्या पाइपला असते, त्यात २० चा रॉड बऱ्यापैकी बसतो. पण १६ चा रॉड त्यात टाकला तर तो खोबणीत लोळतो आणि बेंड पिळतो. आणि फॉर्मरचा रेडियस पाइपसाठी म्हणून मोठा असतो, तुमच्या ड्रॉइंगला तो चालतो का ते आधी बघा.

गरम करून वाकवण्यावर थोडं बोललंच पाहिजे कारण सीझनला हे रोज ऐकतो. ट्रॉलीवाला येतो, ऊस शेतात उभा असतो, कारखान्याची तोड आलेली असते, आणि म्हणतो "दादा, गॅस मारून वाकवा की, पटकन होईल". "नको अण्णा, हा साधा बोल्ट न्हाई, लाल केला की मऊ पडंल." "मग काय हुतंय, ऊसच तर न्यायचाय." आता ऊसच तर न्यायचाय म्हणजे दोन ट्रॉल्या भरून कित्येक टन, आणि पाटा धरून ठेवलाय या चार बोल्टांनी. ८.८ चा माल ज्या टेंपरिंग तापमानाला बनतो ते साधारण ४२५ डिग्रीच्या वर असतं, गॅसनं लाल केला म्हणजे ७०० च्या पुढं गेला, हार्डनिंग सगळं निघून गेलं. आता तो ८.८ राहिला नाही, डोक्यावर काय पण लिहिलेलं असू दे. गरम वाकवायचंच असेल तर आधी कच्च्या ईएन ८ वगैरे मालाचा बोल्ट गरम वाकवा आणि मग त्याला हार्डनिंग टेंपरिंग करून घ्या, क्रम असा आहे. साध्या एमएसला गरम केलं तर चालतं, पण मग पूर्ण लाल करा, ९०० च्या आसपास. अर्धवट गरम, निळसर रंग चढलेला, दोन-तीनशे डिग्रीचा रॉड वाकवणं सगळ्यात वाईट, त्या तापमानाला स्टील थंडपेक्षा जास्त ठिसूळ वागतं. आणि गॅल्वनाइज केलेल्या बोल्टवर गॅस मारू नका, जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो. गॅल्वनाइजिंग वाकवल्यावर करायचं, आणि त्यासाठी बेंडचा रेडियस तिप्पट तरी ठेवायचा, बारीक रेडियसला थंड वाकवलेला माल साडेचारशे डिग्रीच्या जस्तात बुडवला की काही वेळा ठिसूळ होतो.

पहिला पीस निघाला की काय बघायचं. बेंडची पाठ कापडानं पुसा आणि नख आडवं फिरवा, नख अडकलं तर विषय संपला. नख अडकलं नाही तरी पहिल्या दोन-तीन पिसांना डीपी टेस्ट (रंग मुरवून चीर शोधायची) करा, तीन स्प्रेचे डबे असतात. आधी क्लीनरनं पुसायचं, मग लाल रंग मारून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग रंग पुसून काढायचा, स्प्रे थेट न मारता क्लीनर फडक्यावर घेऊन, नाहीतर चिरेतला रंग पण धुतला जातो. मग पांढरा डेव्हलपर. चीर असली तर पांढऱ्यावर बारीक लाल केसासारखी रेघ हळूहळू उगवते. गंजाच्या खपल्या आणि मिल स्केलमध्ये पण रंग बसतो, म्हणून ब्लॅक बार असेल तर ती जागा आधी वायर ब्रशनं साफ करा, नाहीतर सगळीकडेच गुलाबी होतं आणि काही कळत नाही. त्यानंतर नट हातानं पूर्ण आट्यावर फिरला पाहिजे, पान्यानं नाही. आणि मापासाठी एक प्लेट करा, सेंटरला दोन भोकं पाडलेली, दोन्ही पाय त्यातून दाबल्याशिवाय खाली गेले पाहिजेत. हीच प्लेट बेसप्लेटची भोकं मारणाऱ्याकडं पण दिली तर साइटवरची निम्मी भांडणं होत नाहीत.

आणि डाय करायला देण्याआधी गिऱ्हाइकाला दोन गोष्टी लेखी विचारून घ्या. माप आतल्या गॅपचं आहे की सेंटर टू सेंटर, कारण एम १६ ला त्यात १६ मिमीचा फरक पडतो आणि दोन्हीला लोक "बोल्टची साइज" म्हणतात. आणि पाइप कुठला. हे १५० एनबीला जास्त लागू आहे, आयएस १२३९ चा पाइप असेल तर ओडी १६५.१ आणि दुसऱ्या स्टँडर्डचा असेल तर १६८.३, फोनवर दोन्ही "सहा इंची". १६५ वर बेतलेला यू बोल्ट १६८ च्या पाइपवर बसेलच असं नाही, आणि १६८ चा १६५ वर बसतो पण नट आवळून पाय आत येतात आणि पाइप हलत राहतो. ओडीसाठी टेपनं घेर मोजून ३.१४ नं भागायला सांगा, नाहीतर पाइपचा हातभर तुकडाच पाठवून द्यायला सांगा, मी तर तुकडाच मागवतो.